फाइलला लोकर लावणाऱ्या मावशी

मास्तर ज्या जागी बसले, त्या जागी स्टूल नव्हतं. स्टूल माझ्याखाली होतं.

माझ्या बाजूनं सांगायचं तर मी ते जेमतेम पाच मिनिटांसाठी घेतलं होतं. खिडकीपाशी उजेड बरा होता आणि शब्दकोडं सुटत आलं होतं. मास्तर उभं राहून बायकांना वरचा सूर समजावून देत होते. समजावून झाल्यावर ते नेहमीसारखे मागं न बघता बसले. अठ्ठावीस वर्षं संगीत शिकवलेला माणूस स्टूल आहे की नाही हे बघत नाही, ते असतंच. त्या दिवशी नव्हतं. मास्तर खाली गेले, उजवा हात टेकला, आणि कट्ट असा इतका नेमका मात्रेवर आवाज आला की अकरा बायकांपैकी एकीला तो तालाचाच भाग वाटला. तिनं पुढची ओळ उचललीसुद्धा.

मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आणि कार्यक्रम नऊ दिवसांवर.

मास्तरांना दवाखान्यात सोडून परत आलो, तर कारखान्यात बायका अजून खोक्यांवर बसून होत्या. हा स्वेटरचा कारखाना. दुसऱ्या मजल्यावरचं लांबच लांब दालन, एका भिंतीला विणकामाची आठ यंत्रं, समोरच्या भिंतीला कप्प्याकप्प्यांतून लोकर गुंडाळलेले कोन, मधे इस्त्रीचं टेबल. अगदी टोकाला, जिथं तयार स्वेटर खोक्यांत भरतात, तिथं मास्तरांचा कीबोर्ड. संध्याकाळी सहाला यंत्रं बंद झाली की बायका खोकी सरकवायच्या आणि गाणं सुरू व्हायचं. सहा वर्षं हे चाललं होतं. गावच्या सभागृहात वर्षातून एकदा समूहगायनाचा मोठा कार्यक्रम होतो. त्यात नाव लागावं म्हणून या बायका सहा वर्षं यादीत उभ्या होत्या आणि यंदा एकदाचं पत्र आलं होतं. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: साथसंगतीसह. साथ नसेल तर नाव रद्द, आणि पुन्हा यादीच्या शेवटी.

"आता काय," ढग म्हणाली, "पुन्हा सहा वर्षं."

ढग म्हणजे खालचा आवाज. ती गायला लागली की आभाळ भरून आल्यासारखं वाटतं. वरच्या आवाजाचं नाव शिट्टी. ही नावं मावशींनी ठेवलेली, आणि ज्यांची आहेत त्यांनाही ती पटलेली.

"आपल्याला काही नाही गं," शिट्टी म्हणाली. "पण मास्तरांचा हात! कुणामुळे, ते मी बोलत नाही."

अकराही जणी माझ्याकडे बघत होत्या. बाराव्या मावशी.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "आता तरी उठा."

मी दवाखान्यातून येऊन पुन्हा त्याच स्टुलावर बसलो होतो.

मावशी म्हणजे माझ्या बायकोची मावशी, नात्यानं माझी मावससासू. पण 'मावससासूबाई' असं पूर्ण म्हणून होईपर्यंत त्या दोन ओळी विणून पुढं गेलेल्या असतात, म्हणून मीही मावशीच म्हणतो. तालमीनंतर त्यांना घरी न्यायला मी येतो, आणि त्या मला जावईबापू म्हणतात. हे संबोधन आदराचं आहे असं शब्दकोशात दिलंय. शब्दकोश लिहिणाऱ्यानं ते मावशींच्या तोंडून ऐकलेलं दिसत नाही.

मावशींनी या कारखान्यात एकतीस वर्षं यंत्र चालवलं. आठ यंत्रं एकदम चालू असताना शेजारणीला 'कात्री दे' म्हणायचं तरी तीन यंत्रांपलीकडून ओरडावं लागतं. एकतीस वर्षं असं ओरडून मावशींच्या आवाजात एकच पट्टी उरली होती. गायनमंडळ सुरू झालं तेव्हा त्या सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. दोन ओळी झाल्यावर मास्तरांनी कीबोर्ड थांबवला आणि फार सभ्यपणे विचारलं, "तुम्हाला पानं उलटायला आवडेल का?"

तेव्हापासून मावशी पानं उलटतात. मास्तरांच्या डाव्या हाताला उभ्या राहून, कागदावरचं एक अक्षर कळत नसताना, नेमक्या क्षणी. कसं जमतं असं कुणी विचारलं तर म्हणतात, "मी कागद बघतच नाही. बायकांची तोंडं बघते." सभागृहात जायचं म्हणून त्यांनी नवे बूट घेतले होते. आता मास्तर नाहीत, म्हणजे पानं नाहीत, म्हणजे मंचावर मावशीही नाहीत. ते बूट त्यांना खोक्यातून काढून पुन्हा खोक्यात ठेवताना मी पाहिलं.

दवाखान्यात इंजेक्शनच्या गुंगीत मास्तर दोन-तीनदा "मिडी... मिडी..." असं पुटपुटले होते. मला वाटलं, जुनी कुणीतरी ओळखीची असेल. मी सभ्यपणे खिडकीबाहेर बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर त्यांनी फोनवर उलगडा केला. मिडी हा फाइलचा प्रकार आहे. जुन्या गाण्यांच्या साथीच्या अशा फाइली इंटरनेटवर ढिगानं पडलेल्या असतात. त्या उतरवून घ्यायच्या, गाण्याच्या प्रोग्राममध्ये टाकायच्या, की संगणक वाजवतो. आणि आमचं गाणं, म्हणजे समुद्रावरून घरी परतणाऱ्यांचं तीन आवाजांतलं गाणं, इतकं जुनं होतं की ते कुणी बांधलं हेच कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे ते सगळ्यांचंच. म्हणजे ते मिळणार.

शनिवारी दुपारच्या सुट्टीत मी माझा लॅपटॉप घेऊन कारखान्यात हजर झालो. पापक्षालनाची संधी इतक्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं. मावशी शेजारी खुर्ची ओढून बसल्या. मागं बायकांचा घोळका.

फाइल मिळाली. ती मिळण्याआधी 'डाउनलोड' लिहिलेली पाच खोटी बटणं दाबून मी हवामान सांगणारं एक घड्याळ आणि संगणक स्वच्छ करणारा एक झाडू उतरवून घेतला होता, ते सोडा. शेवटी खरी फाइल आली. अडतीस केबी.

"एवढीशी?" शिट्टी म्हणाली. "आख्खं गाणं एवढ्यात?"

"माझ्या फोटोतलं नुसतं नाक याहून मोठं असतं," मी म्हणालो.

"ते आम्हाला दिसतंय," मावशी म्हणाल्या. "उघडा."

मी फाइलवर दोनदा टकटक केलं. संगणकानं विचारलं, कशानं उघडू? मी समोर दिसला तो पहिला पर्याय दाबला. पडदाभर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मधेच एखादं बावरलेलं इंग्रजी अक्षर पसरलं.

"हे गायचं?" ढग म्हणाली.

मग गाण्याचा एक फुकटातला प्रोग्राम उतरवून घेतला. तो बसेपर्यंत सुट्टी संपत आली. फाइल आत टाकताना प्रोग्रामनं काहीतरी विचारलं, मी 'नाही' दाबलं. संगणकाच्या सगळ्या प्रश्नांना मी न वाचता नाही म्हणतो. घरी सगळ्याला हो म्हणावं लागतं. कुठंतरी तोल राखायला हवा. पडद्यावर चार रांगा उमटल्या. प्रत्येक रांगेत लांब-आखूड रंगीत पट्ट्या, काही वर, काही खाली. बायकांनी "अगं बाई!" केलं. मी ऐटीत वाजवायचं बटण दाबलं.

एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकू लागली. पट्ट्यांवरून गेली. शेवटपर्यंत गेली.

आवाज शून्य.

मी आवाज वाढवला. स्पीकरच्या पिना काढून पुन्हा लावल्या. बंद करून चालू केला. रेघ सरकते, आवाज नाही. फाइलच बिघडलेली असणार, असं ठरवून मी तीच फाइल पुन्हा उतरवली. मग पुन्हा. सात वेळा उतरवली. सातही फाइली एकमेकींसारख्याच मुक्या.

"गेलं," बटणवाली म्हणाली. ही स्वेटरांना बटणं लावते आणि इतरांच्या बोलण्याला पूर्णविराम. "यांच्या हाताला यशच नाही."

बायका उठून आपापल्या यंत्रांकडे निघाल्या. मावशी उठल्या नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि पडद्याला नाक लावलं. एक बोट पट्ट्यांवरून फिरवत नेलं. मग एकदम खुर्ची मागं ढकलून इतक्या जोरात ओरडल्या की आठ यंत्रं चालू असती तरी खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असतं.

"अहो, हे तर कार्ड आहे!"

"कसलं कार्ड?"

मावशी माझं मनगट धरून मला त्यांच्या यंत्रापाशी घेऊन गेल्या. (मनगट धरल्यावर मी जरा घाबरलो, खोटं कशाला बोला.) यंत्राच्या पाठीवर जाड प्लॅस्टिकची एक पट्टी खोचलेली होती, तिला ओळीनं भोकं पाडलेली. कुठं दोन, कुठं पाच, कुठं एकही नाही.

"हे नक्षीचं कार्ड. कुठल्या ओळीला कुठली सुई उचलायची, ते यात असतं. मला सांगा, या कार्डाला हात लावला तर ऊब लागते?"

"नाही."

"का नाही?"

"कारण... हे प्लॅस्टिक आहे."

"कारण यात लोकर नाही! कार्डात नुसता हुकूम असतो. लोकर आपण लावायची. लाल लावली तर लाल फुलं, निळी लावली तर निळी. काहीच लावलं नाही तर यंत्र खटखट करत डावीकडून उजवीकडे फिरेल आणि खाली काही म्हणता काही पडणार नाही. तुमची ती रेघ तेच करतेय! जावईबापू, तुम्ही तासभर बिनलोकरीचं यंत्र चालवताय!"

मी मास्तरांना फोन लावला. मावशींचं म्हणणं ऐकून मास्तर इतक्या मोठ्यानं हसले की त्यांचं प्लास्टर दुखलं. "अगदी बरोबर! फाइलमध्ये आवाज नसतोच. कुठला सूर, किती वेळ, किती जोरात, एवढंच. वाद्य तुम्ही द्यायचं. प्रत्येक रांगेला वाद्य निवडा!"

निवडायची जागा सापडायला अजून दहा मिनिटं गेली. पण सापडली. पहिल्या रांगेच्या डोक्यावर बारीकसं चिन्ह होतं. त्यावर दाबलं आणि यादी खाली घरंगळली: पियानो, बासरी, व्हायोलिन, ऑर्गन, ट्रम्पेट आणि आणखी शंभरेक. मावशींनी लोकरीच्या गोदामाचं दार उघडावं तसा श्वास घेतला.

"पियानो लावा."

लावला. बटण दाबलं. आणि कारखान्यात गाणं वाजलं.

बायका यंत्रं टाकून धावत आल्या. ढगनं शिट्टीला मिठी मारली. बटणवालीच्या तोंडून पहिल्यांदाच उद्गारचिन्ह बाहेर पडलं. आणि मावशींना तर थांबवणं अशक्य झालं. एकामागून एक वाद्यं लावून बघायची आणि निकाल द्यायचा. "बासरी बारीक आहे, पण टोचत नाही. ऑर्गन जड, ओला झाला तर वाळायचा नाही. ट्रम्पेट नको बाई, अंगाला खाजतो. हा कोण, चेलो? अहाहा! हा ढगच्या ओळीला. हिवाळ्याचा माल आहे!"

चारही रांगांना लोकर लागली तेव्हा दोन अडचणी उरल्या. चौथी रांग जिन्यावरून डबे घरंगळत सोडल्यासारखी वाजत होती. त्यावर मास्तर फोनवर म्हणाले, ती तालाची रांग, तिला सूर नसतात. तिथं प्रत्येक पायरीवर वेगळं वाद्य, इथं ढोल, तिथं झांज. "म्हणजे लोकर नाही, यंत्रच वेगळं," असं म्हणून मावशींनी तिला यादीतून तालवाद्यांचा संच शोधून दिला आणि डबे घरंगळायचे थांबले. दुसरी अडचण वेगाची. गाणं घरी परतणाऱ्या दमलेल्या माणसांचं; इथं मागं चाचे लागल्यासारखी जहाजं पळत होती. पुष्कळ शोधल्यावर कळलं की फाइल आत घेताना प्रोग्रामनं विचारलेला प्रश्न 'फाइलमधला वेग घेऊ का?' असा होता.

"आणि तुम्ही काय म्हणालात?" मावशींनी विचारलं.

मी शब्दकोड्याकडे बघितलं.

फाइल पुन्हा आत घेतली, लोकरी पुन्हा लावल्या, प्रश्नाला हो म्हटलं. जहाजं शहाण्यासारखी चालू लागली.

इथं खरं तर काम झालं होतं. पण रविवारी लॅपटॉप मावशींनी घरी नेला, आणि सोमवारी मला निरोप आला की मंगळवारपर्यंत मिळणार नाही, थोडं काम निघालंय.

मंगळवारी संध्याकाळी तालीम. मास्तर गळ्यात झोळी बांधून स्वतः आले होते आणि मी त्यांच्यासाठी खुर्ची आधी हातानं चाचपून, मग धरून उभा होतो. मावशींनी बटण दाबलं. बायका गाऊ लागल्या. पहिली ओळ सुंदर. दुसरीही. तिसऱ्या ओळीला शिट्टी लाल झाली. चौथीला बटणवालीचे डोळे बाहेर आले. ढग तर जांभळी पडली. मास्तरांनी सहा वर्षं एकच गोष्ट घोकून घेतली होती: साथ वाजतेय तोवर सूर सोडायचा नाही, ती थांबली की श्वास. आणि साथ थांबतच नव्हती. पाचव्या ओळीला तिघी खोक्यांवर बसल्या.

"बंद करा!" मास्तर ओरडले. "मावशी, तुम्ही काय केलंत याला?"

"दुरुस्ती," मावशी अभिमानानं म्हणाल्या. "फाइल ज्यानं केली तो माणूस फार निष्काळजी हो, मास्तर. दर ओळीला टाके सुटलेले! कुठं एवढं भोक, कुठं तेवढं. दोन दिवस बसून एकेक टाका उचलला. पट्टी ओढून पुढच्या पट्टीला भिडवली. दोनशे चौदा भोकं बुजवली मी."

"ती भोकं नव्हती! ती श्वासाची जागा होती!"

"कुणाच्या?"

"यांच्या!" मास्तरांनी डाव्या हातानं अकराजणींकडे बोट केलं, अकराहीजणी धापा टाकत होत्या. "गाण्यात मोकळी जागा मुद्दाम ठेवतात. तुम्ही गाण्याचा गळाच बंद करून टाकलात!"

मावशी एकदम थबकल्या. "काय बंद केला?"

"गळा."

"गळा," मावशी हळूच म्हणाल्या. मग त्यांचा हात तोंडावर गेला. "अगं बाई. मी गळा ठेवलाच नाही."

स्वेटर विणताना वरपर्यंत सगळे टाके विणून चालत नाही. मधले टाके मुद्दाम सोडावे लागतात, नाहीतर डोकं कुठून घालणार? एकतीस वर्षांत मावशींच्या हातून बिनगळ्याचा एक स्वेटर गेला नव्हता. आणि आता अकराजणींच्या डोक्यावरून त्यांनी एक अख्खं पोतं ओढलं होतं.

"मावशी, राग मानू नकोस," बटणवाली धापा टाकत म्हणाली, "पण तुझं पानं उलटणंच बरं होतं."

मावशींनी लॅपटॉप मिटला, काखोटीला मारला आणि जिना उतरून गेल्या.

बुधवारी दुपारी मी घाबरत घाबरत कारखान्यात गेलो. सांत्वनाची दोन वाक्यं पाठ करून नेली होती. मावशी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसल्या होत्या, बाह्या सारलेल्या.

"मावशी, मन लहान करू नका. माझ्याकडे मूळ फाइल आहे. सात प्रती आहेत. नव्यानं सुरू करू."

"आणि मी लावलेल्या लोकरी? कमी-जास्त केलेले आवाज? ते सगळं टाकून देऊ? त्यातली एक प्रत उघडून शेजारी ठेवा, बघायला. बाकीचं मी उसवते. बिघडला तेवढाच भाग उसवायचा, आख्खा स्वेटर नाही. आणि तुम्ही ती तोंडात धरलेली वाक्यं गिळून टाका, चहा सांगा."

एका दुपारीत दोनशे चौदा टाके उसवले त्यांनी. मी मोजत होतो. एकशे साठपर्यंत मी मोजले आणि मग मलाच चक्कर आली. पण मावशी तिथं थांबल्या नाहीत. गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही काढली आणि सहाला यंत्रं बंद झाल्यावर एकेकीला समोर उभं केलं. "गा. दम संपेपर्यंत गा." वहीत नोंद: शिट्टी, लहान गळा पुरतो. बटणवाली, मध्यम. ढग, खोल गळा, हिवाळ्यात जास्तच. मग फाइलमध्ये ज्या ज्या ठिकाणी ढगची ओळ संपते, तिथून पुढच्या सगळ्या पट्ट्या निवडायच्या आणि केसभर उजवीकडे सरकवायच्या. पुन्हा वाजवायचं. पुन्हा केसभर.

"बस्स!" ढग ओरडली. "इथं! इथं मला आख्खा श्वास मिळाला! सहा वर्षांत पहिल्यांदा!"

"मास्तरांच्या हाताखाली मिळत नव्हता?" मी विचारलं.

"मास्तर स्वतः शिट्टीच्या दमानं वाजवतात," ढग म्हणाली, आणि खुर्चीत बसलेल्या मास्तरांनी चक्क मान डोलावली.

तालीम झाली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकही बाई जांभळी पडली नाही. बटणवालीनं न सांगता मावशींच्या पुढं चहाचा कप आणून ठेवला.

आता सांगतो ते गुरुवारचं. सभागृहाच्या कार्यालयात जाऊन साथीदार बदलल्याची नोंद करायची होती. तिथले कारकून अर्ज वाचून म्हणाले, "संगणक? रेकॉर्डिंग चालत नाही. नियम आहे. नाव रद्द करावं लागेल." आणि त्यांनी खरोखरच लाल पेन उचललं.

मावशींनी शांतपणे लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला, चारही रांगांची वाद्यं काढून टाकली आणि बटण दाबलं. रेघ निघाली. सरकत सरकत शेवटाला गेली. पूर्ण साडेतीन मिनिटं कार्यालयात पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. कारकून कान पुढं करून बसले होते.

"ऐकू आलं काही?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"मग रेकॉर्डिंग कसलं?"

कारकुनांनी पेनाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"रेकॉर्डिंगमध्ये आवाज असतो. यात तो नाहीच. आवाज मी तिथं बसून लावणार. मास्तर कागद बघून वाजवतात, मी कार्ड बघून." मग आवाज जरा खाली आणून (म्हणजे कार्यालयातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतका) म्हणाल्या, "साथ या रकान्यात माझं नाव लिहा. सुवाच्य अक्षरात."

त्यांनी लिहिलं. लाल पेनानंच लिहिलं, पण लिहिलं.

शनिवार. सभागृह शिगोशीग. मी तिसऱ्या रांगेत, शेजारी मास्तर. पडदा वर गेला तेव्हा त्यातून वर्षभराची धूळ खाली आली. दिव्यांच्या झोतात ती छान दिसत होती. अकराजणी तीन ओळींत उभ्या. आणि डाव्या हाताला, छोट्या टेबलामागं, नवे बूट घालून मावशी. बसलेल्या! सहा वर्षांत त्यांना कीबोर्डच्या आसपास कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी बटणावर बोट ठेवलं, बायकांची तोंडं पाहिली, आणि दाबलं.

पहिलं कडवं असं गेलं की मास्तरांनी माझ्या मांडीवर ताल धरला, प्लास्टरच्या हातानं. माझी हाडं घनच असली पाहिजेत. जहाजं निघाली, लाटा आल्या, ढग भरून आला, चेलोची जड लोकर त्याच्या खाली पसरली. श्वासाच्या जागा आल्या की अकराजणी एकदम श्वास घेत होत्या, आणि तिसऱ्या रांगेतले आम्हीही.

मग दुसरं कडवं. ते शिट्टीनं एकटीनं उचलायचं असतं. साथीचा तुकडा वाजत जवळ आला, आणि मी शिट्टीकडे पाहिलं. तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि डोळे समोरच्या अंधारात कुठंतरी अडकले होते. ती विसरली होती. मास्तरांचा ताल माझ्या मांडीवर जागच्या जागी थिजला.

"यंत्र थांबत नाही," ते घशातल्या घशात म्हणाले. "माणूस असता तर थांबला असता. गेलं."

तेवढ्यात साथ थांबली.

एकदम, मधेच, तुटल्यासारखी. मावशींनी मान खाली घातली होती. सभागृहात एवढी शांतता की पडद्याची धूळ खाली बसल्याचं ऐकू यावं. एक क्षण गेला. दोन गेले. मावशींनी सावकाश मान वर केली आणि शिट्टीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, हात नाही, खूण नाही. शिट्टीनं मावशींकडे पाहिलं. तिचे डोळे जागेवर आले. ओठ हलले. तिला शब्द सापडला. खांदे वर गेले, छाती भरली, आणि तो श्वास पूर्ण भरून जिथं वळतो, नेमक्या त्या टोकावर मावशींचं बोट खाली आलं.

साथ आणि शिट्टी एकाच क्षणी सुरू झाल्या. केसभरही इकडंतिकडं नाही.

लोकांना वाटलं, गाण्याची रचनाच तशी आहे. घरी परतणारा माणूस उंबरठ्यावर क्षणभर थांबतो ना, तसं. पुढं बसलेल्या एका बाईंनी डोळ्याला रुमाल लावला. शेवटचा सूर विरला आणि टाळ्या इतका वेळ वाजल्या की मास्तर एका हातानं माझ्या पाठीवर टाळ्या वाजवून थकले.

मंचामागं नुसता गोंधळ. शिट्टी मावशींच्या गळ्यात पडून रडत होती. ढग हसत होती आणि भिंती हादरत होत्या. सभागृहाचे कारकून लाल पेन खिशाला लावून स्वतः अभिनंदनाला आले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी यादीत उभं राहायचं कारण नाही, थेट या. मास्तर तर हात जोडू बघत होते, पण एकच हात असल्यामुळे ते नुसतेच हवेत काहीतरी थांबवल्यासारखे दिसत होते. "काय ती समज!" ते सारखे म्हणत होते. "अठ्ठावीस वर्षं शिकवतोय, असा विराम मला सुचला नसता! ही बाई सहा वर्षं पानं उलटत होती आणि मी तिला पानं उलटू दिली!"

माझंही मन भरून आलं होतं. सहा वर्षं दुसऱ्यांची तोंडं बघत उभ्या राहिलेल्या माणसाला काय काय दिसत असेल, यावर माझ्या डोक्यात एक मोठा लेख तयार होत होता. पहिलं वाक्य तर झालंही होतं. गर्दीतून वाट काढत मी मावशींपाशी गेलो. त्या खाली वाकून बुटाचा बंद सैल करत होत्या.

"मावशी," मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "भरल्या सभागृहात, चालू गाण्यात, साथ थांबवायचं धाडस तुम्ही केलंत तरी कसं?"

मावशींनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "थांबवलं ते दाबलेल्या शिंकेनं, सुरू केलं ते मी."